एक माणूस, बसून

बायको गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी ऑफिसचं शटर वर केलं. तोपर्यंत किल्ली खिशातच होती.

आमचा धंदा काय होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. एखादी गाडी माल टाकून रिकामी परत येते. एखाद्या गाडीचा अर्धा हौदा मोकळा असतो, एखादीत ड्रायव्हरशेजारची सीट मोकळी असते. दुसरीकडे कुणाला एकच कपाट न्यायचं असतं, कुणाला स्वतःलाच कुठेतरी जायचं असतं, आणि त्यासाठी अख्खी गाडी करणं परवडत नाही. या दोघांची गाठ घालून द्यायची, हा आमचा धंदा. आमचा म्हणजे तिचा. मी आमचा स्वतःचा टेम्पो चालवायचो. ती खुर्चीत बसून साठ गाड्या चालवायची. ड्रायव्हर लोक मला म्हणायचेच, "मालक, तुमच्याकडे एक स्टिअरिंग आहे, वहिनींकडे साठ आहेत."

भिंतीवर लाकडी फळा होता आणि त्यावर खिळे मारलेले होते. एक खिळा म्हणजे एक रस्ता. गाडीचं कार्ड हिरवं, मालाचं नाहीतर माणसाचं पांढरं. खिळ्यावर आधी हिरवं कार्ड अडकवायचं, त्यावर पांढरी. जमलं की पांढऱ्या कार्डाचा कोपरा दुमडायचा. आमच्या मुलीने तिला यासाठी मोबाइलवर काहीतरी बसवून दिलं होतं. महिनाभर तिने ते वापरलं आणि मग सोडून दिलं. म्हणाली, "त्यात कोपरा दुमडता येत नाही."

कार्डावर कुणाचं नाव नसायचं. ते माझ्यामुळे. सुरुवातीला नावं असायची, तेव्हा मी एकदा माझ्या शाळेतल्या मित्राचा सोफा आधी पाठवला आणि एका बाईंचं शिलाई मशीन मागे ठेवलं. बाईंना ते कळलं. त्या ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटून गेल्या. त्या दिवसापासून कार्डावर फक्त नंबर. कुठल्या नंबराचं माणूस कोण, ते तिच्या वहीत, आणि वही तिच्या ड्रॉवरमध्ये. मला ती बघायची परवानगी नव्हती.

एका जागेला दोन कार्डं आली, की निकाल मात्र मी द्यायचा. तिला कुणालाही नाही म्हणता यायचं नाही. सकाळी चहाच्या वेळी ती दोन्ही कार्डं माझ्यासमोर ठेवायची, मी एक उचलायचो आणि दुसऱ्यावर लाल पेन्सिलीने 'पुढे' असं लिहायचो. माझा नियम साधा होता. जे नासतं, मरतं, वितळतं ते आधी. माणूस नंतर. "माणूस काही नासत नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. वीस वर्षांत ते मी किती वेळा म्हटलं असेन, मोजता येणार नाही.

ती एका शुक्रवारी दुपारी साडेबाराला गेली. मी जेवायला म्हणून ऑफिसात आलो तर ती खुर्चीत मान टाकून बसली होती आणि हातात फोन होता. मला वाटलं डोळा लागला. फोनमधून कुणीतरी ड्रायव्हर म्हणत होता, "हॅलो, वहिनी? येतंय का ऐकू?" जवळच्या दवाखान्यातला डॉक्टर आला, त्याने हात बघितला, म्हणाला हृदय बंद पडलं. मी त्याला विचारलं, असं कसं बंद पडेल. सकाळी तिने मला दोन वेळा टेम्पोचं हवेचं प्रेशर तपासायला सांगितलं होतं. सकाळी ठणठणीत होती.

अंत्यविधीला तिची बहीण आली होती. मी तिला म्हणालो, "तुझ्याकडे यायचं राहूनच गेलं गं तिचं." कारण ती गेली त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी मला म्हणाली होती, आठ दिवस बहिणीकडे जाऊन येते. मग म्हणाली, आत्ता नको, पुढच्या महिन्यात जाईन. मेव्हणी माझ्याकडे बघत राहिली. "माझ्याकडे? मला तर काही बोलली नव्हती." मी ते तेवढ्यावरच सोडलं. त्या दिवशी मी सगळंच सोडलं होतं.

तर पंधरा दिवसांनी शटर वर केलं. बरीचशी कामं ड्रायव्हरांनी आपापसांत उरकली होती. पुढच्या तारखांची एकोणीस पांढरी कार्डं शिल्लक होती. मुलीचा फोन आला.

"बाबा, बंद करा ते आता. माझ्याकडे या."

"एकोणीस राहिलीत."

"ड्रायव्हर काकांना सांगा ना."

"तिने घेतलेली कामं आहेत. एवढी मी करतो. मग फळा काढतो आणि येतो तुझ्याकडे."

"नक्की?"

"एकोणीस म्हणजे एकोणीस. विसावं घेणार नाही."

अकरा दिवसांत अठरा झाली. सलूनची फिरती खुर्ची, दोन सायकली, एका माणसाचा फिशटँक, तो माणूस मांडीवर मासे घेऊन आणि टाकी मागे. प्रत्येक वेळी कोपरा दुमडायचो आणि एक कार्ड कमी व्हायचं. मला वाटायचं, संपूच नये हे, आणि वाटायचं, कधी संपतंय.

एकोणिसावं कार्ड असं होतं. नंबर सतरा. एक माणूस, बसून. बुधवार, सकाळी साडेसात, ऑफिसचा कोपरा. मोठं हॉस्पिटल. नऊच्या आत. परत आठ दिवसांनी.

या कार्डाला हिरवं कार्ड नव्हतं. म्हणजे गाडी ठरायची होती. मी पहिल्यांदाच तिचा ड्रॉवर उघडून वही काढली. सोळा नंबरला नाव, पत्ता, फोन. अठरा नंबरला नाव, पत्ता, फोन. सतरा नंबरला काहीच नाही, नुसती पेन्सिलीची एक बारीक खूण. ती असं अर्धवट कधी सोडायची नाही. म्हणून मी जुन्या कार्डांचा डबा काढला आणि सतरा नंबरची सगळी कार्डं शोधली. एकूण एकवीस निघाली. जवळजवळ वर्षभर, दर दुसऱ्या बुधवारी. एक माणूस, बसून, मोठं हॉस्पिटल, जाऊन येऊन.

त्यांतल्या तीन कार्डांवर लाल पेन्सिलीने 'पुढे' लिहिलेलं होतं. अक्षर माझं. तिसरं कार्ड सगळ्यात अलीकडचं, बरोबर पाच आठवड्यांपूर्वीच्या बुधवारचं. त्यावरही 'नऊच्या आत' होतं. त्यावरही 'परत आठ दिवसांनी' होतं.

आठ दिवस म्हणजे तपासणी नाही, ते मला कळलं. कुणाचं तरी ऑपरेशन असणार. आणि मी ते लाल पेन्सिलीने पुढे ढकललं होतं. आश्चर्य याचं वाटलं, की या माणसाने एकदाही भांडण केलं नाही. बाकी कुणी असतं तर फोनवर माझे आईबाप काढले असते.

ती सकाळ मला आठवली. फार आठवायला लागलं नाही. ती चहाचा कप माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "अहो ड्रायव्हर, निकाल द्या." ती मला ड्रायव्हर म्हणायची आणि मी तिला मॅनेजर.

"बोला मॅनेजर."

"चादरवाल्याची पुढची सीट. एका बाजूला सतरा नंबर. दुसऱ्या बाजूला चारशे पिल्लं, कालच अंड्यातून निघालेली."

"मागे ठेव की पिल्लं."

"मागे हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी असतात. त्यात पिसं गेली तर गाडी परत पाठवतील."

"मग पिल्लं पुढे."

"जरा विचार तरी करा."

"विचार काय करायचा? पिल्लं संध्याकाळपर्यंत मरतील. माणूस काही नासत नाही."

"नासत नाही ना?"

"आता तुझंच बघ. एकतीस वर्षं झाली. आहे तशीच आहेस."

ती हसली. मी 'पुढे' लिहिलं आणि टेम्पोची किल्ली घेऊन निघालो.

तेव्हा मी ठरवलं, की फळा काढायच्या आधी या सतरा नंबरला त्या हॉस्पिटलात नऊच्या आत पोचवायचंच. त्या माणसाचं देणं लागतो मी. बाकी कशाचंच वाटेनासं झालं होतं, पण याचं वाटत होतं. त्या माणसाची माफी मागायची आणि मग मुलीकडे जायचं.

सतरा नंबरची सगळी कार्डं चादरवाल्याच्याच हिरव्या कार्डावर लागलेली होती. चादरवाला म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी लाँड्रीतून ने-आण करणारा व्हॅनवाला. पंधरा वर्षांची ओळख. अंत्यविधीच्या दिवशी सगळ्यात शेवटी घरी गेला तो. मंगळवारी मी त्याला फोन लावला.

"उद्या तुझी पुढची सीट मोकळी आहे?"

"आहे. कुणासाठी, मालक?"

"सतरा नंबर."

 मला वाटलं फोन कटला.

"ऐकतोयस का?"

"मालक, ते कार्ड राहू द्या."

"का?"

"राहू द्या म्हटलं ना. त्यांना आता नाही जायचं."

"तुला कसं माहीत? फोन केला होता का त्या माणसाने?"

"नाही."

"मग? तीनदा मागे ठेवलंय मी त्याला. तुझी सीट द्यायची नसेल तर राहू दे, मी टेम्पोने सोडतो. साडेसातला कोपऱ्यावर उभा राहतो."

"मालक, माझं ऐका जरा..."

मी फोन ठेवला. मला वाटलं, त्याला सीटवर दुसरं काही न्यायचं असणार.

बुधवारी पहाटे टेम्पो धुतला. आतून पुसला. आमच्या टेम्पोच्या डाव्या सीटची स्प्रिंग वर आलेली आहे, आजारी माणसाला टोचली असती. ऑफिसच्या खुर्चीची एक गादी होती, हिरवी, ती ठेवावी म्हणून शोधायला गेलो. गादी सापडली नाही. मग आठवलं, ती बरेच दिवस खुर्चीवर नव्हतीच. ती पंचा दुमडून त्यावर बसायची. मी तिला विचारलंही होतं, गादी कुठे गेली, तर म्हणाली, "चादरवाल्याकडे आहे." मला वाटलं धुवायला दिली. शेवटी घरून ब्लँकेट आणलं, चौपदरी घडी केली आणि सीटवर ठेवलं.

सव्वासातपासून कोपऱ्यावर उभा होतो. साडेसात झाले. लोक कामाला चालले होते. एक म्हातारे गृहस्थ हातात पिशवी घेऊन माझ्याशेजारी येऊन थांबले. मला वाटलं हेच.

"सतरा नंबर का?" मी विचारलं.

"इथे सतरा नंबर येत नाही," ते म्हणाले. "इथून फक्त चार आणि नऊ. सतराला तुम्हाला त्या चौकात जावं लागेल."

पावणेआठ झाले. माणसाला इतका राग आला असेल की त्याने यायचंच सोडलं असेल, असं मला वाटायला लागलं. मी कार्ड हातात धरून उभा होतो, म्हणजे लांबून दिसेल.

आठला दहा कमी असताना पांढरी व्हॅन माझ्या टेम्पोमागे येऊन थांबली. चादरवाला उतरला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. माझ्याकडे न बघता तो गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि त्याने दार उघडलं.

सीटवर गादी होती. हिरवी. मधलं बटण तुटलेलं, एका कोपऱ्याला तपकिरी दोऱ्याने टाके घातलेले. टाके तिने घातलेले होते, हिरवा दोरा संपला होता म्हणून.

मी म्हणालो, "ही धुवायला दिली होती ना तुझ्याकडे?"

"धुवायला नव्हती दिली."

"मग इथे काय करतेय?"

"वहिनींची आहे."

"ते मला माहितेय. मी विचारतोय, इथे काय करतेय?"

तो रस्त्याकडे बघायला लागला. मला अजूनही कळलं नव्हतं. हे मी खरं सांगतोय. मी गादीकडे बघत होतो, मग हातातल्या कार्डाकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदा दिसलं की बाकी सगळी कार्डं निळ्या शाईत आहेत आणि हे पेन्सिलीत आहे. ती स्वतःच्या वस्तूंची यादी पेन्सिलीने करायची. बाजारात जाताना, गावाला जाताना. मी कार्ड पुन्हा वाचलं. एक माणूस, बसून.

 मी एकदम सरळ उभा राहिलो. गाड्यांचे आवाज येत होते, पण माझ्या अंगावर येत नव्हते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मिळाली का तुम्हाला?" आणि मी म्हणालो, "हो." मग त्यांची बस आली आणि ते गेले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"वर्ष होईल."

"काय होतं?"

"हृदयाची झडप. बदलायची होती."

"आणि तुला माहीत होतं."

"मालक, मला शपथ घातली होती."

"आणि ती गेल्यावर? गेल्यावर कसली शपथ?"

"गेल्यावर कुठल्या तोंडाने सांगू?" तो म्हणाला. "पिल्लं माझ्याच गाडीत होती."

मी टेम्पोला कुलूप लावलं. काय करायचं ते मला कळत नव्हतं, पण कार्डावर 'नऊच्या आत' लिहिलेलं होतं आणि आठ वाजून गेले होते. तोच म्हणाला, "बेड राखून ठेवला असेल त्यांनी. जाऊन सांगायला हवं." मी व्हॅनमध्ये चढलो. गादीवर बसवेना. उचलून मांडीवर घेतली. तिला कोंबड्यांच्या खाद्याचा बारीक वास येत होता.

गाडी सुरू झाली. मागे चादरींचे गठ्ठे, साबणाचा गरम वास. या गाडीत ती वर्षभर बसली आणि मला त्या वासाची खबर नाही. बुधवारी मी लांबच्या खेपेला जायचो. संध्याकाळी येईपर्यंत ती खुर्चीत.

"का नाही सांगितलं मला?"

"मी विचारलं होतं एकदा," चादरवाला म्हणाला. "म्हणाल्या, त्यांना सांगितलं तर ते शटर खाली ओढतील आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतील. मला बघत बसलेला नवरा नकोय भाऊ, मला गाड्या हव्यात."

हे ती म्हणाली असणार. मी तसंच केलं असतं.

"ऑपरेशनचं काय ठरलं होतं?"

"बहिणीकडे जातेय म्हणून सांगायचं. मला म्हणाल्या, झालं की तू फोन कर त्यांना. येतील, ओरडायचं तेवढं ओरडतील. मी तोवर नळ्या लावून पडलेली असेन, मला उलट बोलावं लागणार नाही."

तो हसायला गेला आणि थांबला.  मग मी विचारलं, त्या दिवशी काय झालं ते सांग.

"त्या बॅग घेऊन कोपऱ्यावर आल्या होत्या. छोटी निळी बॅग. मला वाटलं सीट त्यांचीच. तर म्हणाल्या, मला नाही जायचं, आधी तिकडून पिल्लं घे. मी म्हटलं, वहिनी, वेड लागलंय का? पिल्लं राहू देत, मी मालकांना समजावतो. तर त्यांनी कार्ड दाखवलं. म्हणाल्या, लाल पेन्सिल आहे. निकाल लागला."

"अरे पण तिला फक्त सांगायचं होतं, की ती मी आहे म्हणून."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, मग मी त्या शिलाई मशीनवाल्या बाईला काय तोंड दाखवू? ओळखीचं माणूस आहे म्हणून आधी, असं पुन्हा नाही करायचं. आणि चुकीचं नाही बोलले ते, पिल्लं खरंच मरतील. मी पुढच्या महिन्याची तारीख घेते."

"टॅक्सी? बस? काहीही?"

"मी म्हटलं. म्हणाल्या, डॉक्टर काही आजच मरतेस म्हणाला नाहीये."  सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "मग माझ्याबरोबर पिल्लांपर्यंत आल्या. चार खोके सीटवर ठेवले. गाडी खड्ड्यात गेली की पिल्लं एकमेकांवर पडतात म्हणाल्या, आणि ही गादी दिली खाली घालायला. परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, राहू दे गाडीतच, पुढच्या महिन्यात मलाच लागेल."

त्यानंतर नवव्या दिवशी ती खुर्चीत गेली. पंचावर बसलेली होती.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एक नर्स टेबलाशी बसली होती. मी तिच्यासमोर कार्ड ठेवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही. मी बायकोचं नाव सांगितलं. तिने फाइल काढली.

"पेशंट खाली आहेत का? उपाशी आहेत ना?"

"नाही आल्या."

"अहो, बेड ठेवलाय. मागच्या वेळीही आल्या नाहीत." तिने पान उलटलं. "तेव्हा फोन आला होता त्यांचा. कारण लिहिलंय इथे. गाडी मिळाली नाही."

ते मी वाचलं. निळ्या शाईत, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात. गाडी मिळाली नाही. माझ्या भिंतीवर साठ हिरवी कार्डं होती.

त्याखाली 'सोबतचा माणूस' अशी ओळ होती. तिथे तिचं अक्षर. नवरा. ऑपरेशननंतर कळवावे. आणि आमच्या ऑफिसचा नंबर.

"तुम्ही नवरा का?" नर्सने विचारलं. "मग त्यांना घेऊन या ना."

"ती वारली," मी म्हणालो. ओळखीच्यांना मी ते सांगितलंच नव्हतं, त्यांना आधीच कळलेलं असायचं. अनोळखी माणसाला पहिल्यांदाच सांगत होतो.

नर्स उठून उभी राहिली. मग तिने डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर वयाने लहान, माझ्या मुलीएवढे. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही. मी विचारलं, पाच आठवड्यांपूर्वी झालं असतं तर जगली असती का.

"असं सांगता येत नाही," ते म्हणाले. "शक्यता चांगली होती. लांबवायला नको होतं." मग फाइल बघत त्यांनी विचारलं, "तारीख कुणी पुढे ढकलली?"

"मी," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्या दंडावर हात ठेवला. दुःखात माणसं असं बोलतात, असं त्यांना वाटलं असावं. मी समजावून सांगणार होतो, पण त्यासाठी खिळ्यांपासून सुरुवात करावी लागली असती. नर्सने हळूच विचारलं, बेड दुसऱ्या पेशंटला देऊ का. मी म्हटलं, द्या.

परतीच्या वाटेवर चादरवाला एकदाच बोलला. "पिल्लं सगळी जगली, मालक. चारशेच्या चारशे. मी नंतर विचारलं होतं."

 त्याला वाटलं असेल, मला ते ऐकायचं असेल.

ऑफिसात आलो. कार्ड टेबलावर ठेवलं. कोपरा दुमडायचा की नाही ते कळेना, म्हणून तसंच ठेवलं. फळा काढायचा म्हणून पक्कड शोधत होतो, तेवढ्यात फोन वाजला. घ्यायचा नव्हता, पण हात गेला.

एक बाई होती. आवाज म्हातारा. "बाईंना द्या जरा. मला आज बाजारपेठेच्या बाजूला जायचं होतं. कुठली गाडी जातेय का?"

"ऑफिस बंद झालं आजी," मी म्हणालो.

"बंद? बरं. राहू द्या मग. माझं काय, मी नंतर कधीतरी जाईन. माझी काही घाई नाही."

ती फोन ठेवणार होती. 

"थांबा," मी म्हणालो. "कुठे जायचंय?" वीस वर्षांत हा प्रश्न मी कुठल्याही पांढऱ्या कार्डाला विचारला नव्हता.

"चष्म्याच्या दुकानात."

"आणि तिथून?"

"तिथून घरी. अजून कुठे जाणार?"

"हॉस्पिटल वगैरे नाही ना?"

"नाही हो."

"खरं सांगताय?"

"अहो, डाव्या डोळ्याचा नंबर बदललाय, काच बसवून तयार आहे म्हणून फोन आला." मग तिने विचारलं, "तुम्ही कोण बोलताय? बाई कुठे गेल्यात?"

मी तिला सांगितलं.  ती म्हणाली, "मला त्या नेहमी पुढे बसवायच्या. मागे माझं डोकं दुखतं म्हणून."

मी कोरं पांढरं कार्ड घेतलं. तिला तिचं नाव विचारलं, पूर्ण नाव, आणि नंबराच्या जागी ते लिहिलं. खाली लिहिलं, एक माणूस, बसून, पुढे. मग ते खोडलं. 'पुढे' हा शब्द त्या कार्डावर मला बघवेना. 'ड्रायव्हरशेजारी' असं लिहिलं आणि ते माझ्याच टेम्पोच्या हिरव्या कार्डावर अडकवलं. मुलीला दिलेलं एकोणिसाचं वचन तिथेच मोडलं. तिला संध्याकाळी फोन करायचं ठरवलं. आईचं सगळं सांगायचं होतं आणि कुठून सुरू करायचं ते ठरत नव्हतं.

टेम्पोच्या सीटवरचं ब्लँकेट काढलं आणि गादी ठेवली. आजी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, हातात पर्स घट्ट धरून. चढताना मी हात दिला. बसल्यावर त्यांनी गादी खालून चाचपून पाहिली.

"कुणाची रोजची जागा आहे का ही?"

"रोजची नाही," मी म्हणालो. "दर दुसऱ्या बुधवारची."

"आज बुधवारच आहे," त्या म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

मी म्हणालो, "बसा तुम्ही." आणि गाडी सुरू केली.